फसलेला शेवट

संपादिकेने कादंबरीचा गठ्ठा लेखिकेच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"शेवट फसलाय," ती म्हणाली. "स्पष्ट बोलते, राग मानू नका."

समोर बसलेल्या लेखिकेने नुसती मान हलवली. राग आला तो शेजारच्या खुर्चीतल्या तिच्या नवऱ्याला.

ही तिची पहिलीच कादंबरी. एका बाईच्या घरातल्या वस्तू आपोआप जागा बदलतात, बंद केलेला गॅस चालू सापडतो आणि नवरा दर वेळी मायेने समजावतो की तूच विसरलीस. संपादिकेने ती एका बैठकीत वाचली होती. मध्येच उठून तिने आपल्या दाराची कडीसुद्धा तपासली होती. आणि शेवटच्या प्रकरणात सगळी हवाच गेली. बाईला खरोखरच विसरण्याचा आजार निघाला, नवरा देवमाणूस ठरला आणि डॉक्टरांनी लांबलचक भाषण ठोकलं.

"एवढा दारूगोळा जमवून फुसका बार काढलात," संपादिका म्हणाली. "तिथली भाषाही तुमची वाटत नाही."

"तो शेवट मी सुचवला," नवरा हसला. "हिच्या डोक्यात भलतंच काहीतरी होतं."

"काय होतं, ताई?"

लेखिकेने तोंड उघडलं, तोवर तोच बोलला, "तिला नाही आठवणार. हल्ली चहा आणायला जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. हो ना गं?"

"हो," लेखिका म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीखाली दडपले होते.

हो ना गं. कादंबरीतला नवरा पानोपानी हेच म्हणत होता.

संपादिकेने सावकाश चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"खरं सांगू? आता विचार करता शेवट तितका वाईट नाही. छापू या."

"बघ, मी म्हणत नव्हतो!" नवऱ्याचा चेहरा उजळला.

"फक्त ताईंना कार्यालयात यावं लागेल. करार, फोटो, मुद्रितं तपासणं. अख्खा दिवस जाईल."

"मी आणतो. ही एकटी कुठे जात नाही."

"लेखकाशिवाय कुणाला बसवत नाही हो आम्ही. नियमच आहे." असा कुठलाही नियम नव्हता. तिने गठ्ठा उचलून छातीशी घट्ट धरला. "आणि शेवट तर तुमचाच राहतोय. मग काळजी कसली?"

तो घुटमळला. बायकोकडे पाहिलं, संपादिकेकडे पाहिलं.

"सोमवारी बघू," तो म्हणाला.

लेखिका उठली. नवऱ्याकडे न बघता ती आज पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"सोमवारपर्यंत मी विसरेन. आत्ताच येते."

पायांत चपला सरकवून ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.