बोल्टखालचा रंग

न वाचलेल्या ग्रंथावर अभिप्राय देणारे विद्वान असतात, तसे नट न उघडता गाडीचे निदान करणारेही असतात. सर्व्हिस सेंटरच्या मुख्य सल्लागाराने दंतवैद्यांच्या गाडीवर लिहिलेला अहवाल त्याच थोर परंपरेतला होता. डिकीतला गालिचा जळला होता, तारेच्या टोकाचे आवरण वितळले होते, आणि कारणाच्या रकान्यात चार शब्द होते: ‘बाहेरील कारागिराचे निकृष्ट काम’. खाली लफ्फेदार सही.

हा बाहेरील कारागीर म्हणजे सल्लागाराच्या काचेच्या खोलीत त्याच्यासमोरच उभ्या असलेल्या ताई. बारा वर्षे त्या गाड्यांचे वायरिंग करीत होत्या. अहवाल संध्याकाळी वाहनमालक संघाकडे गेला की मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून त्यांचे नाव कटणार होते. आणि यादीबाहेरच्या कारागिराच्या दारात शहरातली एकही टॅक्सी थांबत नसे.

दोन महिन्यांपूर्वी हेच दंतवैद्य ‘ताई, ताई’ करीत त्यांच्या मागे लागले होते. अगडबंब स्पीकर आणि त्याला साजेसा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी आधीच आणून ठेवला होता. तारेचा विचार मात्र मनाला शिवलाही नव्हता. दिसणाऱ्या वस्तूची माणसाला हौस असते आणि न दिसणारीचा कंटाळा. हा नियम काही गाड्यांपुरताच नाही. ताईंनी बॅटरीपासून डिकीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तार ओढली, बॅटरीशेजारीच फ्यूज बसवला, इंजिनाजवळच्या बारीक तारा काढून जाड घातल्या. मग परतीची वाट. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, आणि तो येतो गाडीच्या पत्र्यातून. म्हणून त्यांनी डिकीतल्या पत्र्यावरचा रंग मोठ्या नाण्याएवढा खरवडला, चकचकीत लोखंडावर अर्थिंगचा बोल्ट आवळला, वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला, आणि बजावले, “याला कुणी हात लावायचा नाही.”

“बाई, तुम्ही माझी नवी कोरी गाडी खरवडलीत,” दंतवैद्य आता म्हणत होते. ताईंची बाई व्हायला एक गालिचा पुरला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर दंतवैद्यांचे मामा चहा पीत बसले होते. आयुष्यभर पूल बांधून ते अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” ते उद्गारले, “उघडं लोखंड म्हणजे गंजाला आमंत्रण. पण हल्ली ऐकतो कोण!”

ताईंनी सल्लागाराकडे पाहिले. “साहेब, बोल्ट उघडलात?”

“गरजच नाही. डोळ्यांना दिसतंय की.”

“डोळ्यांना धूर दिसतो. कारण खाली असतं.”

“आमच्या पद्धतीत ते बसत नाही.”

“मग पद्धत इथेच बसू दे, मी बघून येते,” म्हणून त्या पेटी उचलून निघाल्या. तिघेही पाठोपाठ आले. फुकटचा तमाशा कुणाला चुकवायचा असतो?

स्पीकर चालू करवून ताईंनी मीटरची एक सुई तारेच्या टोकाला आणि दुसरी पत्र्याला टेकवली. “दीड व्होल्ट. शून्याच्या आसपास हवं होतं. हे जे मधल्या मधे अडतंय ना, त्याचीच उष्णता होते.” स्पीकर बंद करून त्यांनी बोल्ट फिरवून काढला.

खाली चकचकीत लोखंडाचा मागमूस नव्हता. होता तो करडा रंग. जाड, एकसारखा, पुलाच्या कठड्याला शोभेल इतका नीटस. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा अंग चोरून जात होता.

दंतवैद्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी छताकडे पाहिले.

“दोन हात दिले मी,” शेवटी मामा म्हणाले. “रीतसर, बोल्ट काढून. तुझ्याच गाडीच्या भल्यासाठी. एवढ्याशा रंगानं काय होतंय?”

“डॉक्टर,” ताई म्हणाल्या, “कीड न कोरता दातात सिमेंट भरता?”

“छे! पण ताई...” ताईंचा पुनर्जन्म झाला होता. “मामा वडीलधारे. त्यांचं नाव कागदावर कसं आणायचं? साहेब ‘कारण अज्ञात’ लिहितील. सगळ्यांचीच अब्रू राहील.”

त्या ‘सगळ्यांत’ ताई कुठे बसत होत्या, हे कुणी सांगितले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही जुनी रीत. इथे संन्याशाला अर्धीच फाशी देण्याचे औदार्य दाखवले जात होते.

“अज्ञात?” ताईंचा आवाज चढला नाही, थंड झाला. “कारण मघाशी खुर्चीवर बसून चहा पीत होतं, साहेब. बिस्किटं तुम्हीच दिलीत त्याला.”

सल्लागार खाकरला. “रंगामुळेच झालं, याला पुरावा काय?”

ताईंनी पेटीतून पॉलिश पेपर काढला आणि मामांपुढे धरला. “घ्या, मामा. तुमच्याच हातानं होऊ द्या पुरावा.”

“मी?”

“रंग लावताना हात तुमचेच होते ना?”

मामा डिकीत वाकले. घासले. ताईंनी बोल्ट आवळला, स्पीकर लावला, मीटर धरला. “शून्य पूर्णांक सहा. अजून.”

“अहो, कंबर...”

“मीही इथेच वाकले होते. अजून, मामा.”

तिसऱ्या खेपेला लोखंड लखलखले. “शून्य पूर्णांक शून्य दोन,” ताईंनी आकडा तिघांना दाखवला. स्पीकरचा ठोका असा घुमला, की भिंतीवर टांगलेले पाने खुळखुळले.

सल्लागाराने आपले चार शब्द खोडले आणि लिहिले: ‘अर्थिंगच्या बोल्टखाली रंग लावल्याने’.

“कुणी?” ताईंनी विचारले.

पेन हवेतच राहिले. दंतवैद्य बुटांकडे बघू लागले. मामांनी करड्या धुळीने माखलेले हात रुमालाला पुसले.

“लिहा,” ते खरखरीत आवाजात म्हणाले. “गाडीमालकाच्या मामांनी. फक्त... ‘निवृत्त अभियंता’ तेवढं नका घालू.”

ताईंनी ते घालू दिले नाही. कागद मात्र शब्दन् शब्द वाचला, खोडलेल्या शब्दांवरही सल्लागाराची सही घेतली, आणि तो स्वतःच्या पिशवीत ठेवला. “संघाकडे आमचा माणूस पोचवतो की,” सल्लागार म्हणाला.

“नको,” ताई म्हणाल्या, आणि पेटी उचलून संघाच्या कचेरीकडे चालू लागल्या.