पुढचे दोन टायर

मडगार्डच्या आत चिकटलेली रबराची काळी वळी गफूरनं नखानं सोलून काढली, बोटांत चुरगळली... मऊ होती अजून. म्हणजे ताजी. म्हणजे कालची, फार तर परवाची — आणि जावई म्हणतो, "अब्बा, गाडी नुसती मंचर ते जुन्नर जाती, तीबी सावकाश."

सावकाश! मागचे टायर नव्या नवरीसारखे आणि पुढच्या दोघांचं साफ टक्कल. एंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर. ती जागच्या जागी फिरली की रबर असंच सोलून उडतं. पेठच्या घाटाखाली टायर बदलण्यात गफूरची हयात गेली होती, टायर बघून तो चालवणाऱ्याचा स्वभाव सांगायचा, आणि फुरकानचा स्वभाव तर त्याला निकाहाच्या दिवशीच कळला होता — फार गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याच्या पोटात... जाऊ दे. पोरगी दिलीय.

एंजिनाची ताकद पुण्यातून वाढवून आणली, हे जावई मघाशी स्वतःच बोलून गेला. आता टायर हवेत ते भारीतले, रस्ता धरणारे. "सेफ्टीसाठी, अब्बा." सेफ्टी! बैलगाडा शर्यतीच्या घाटात गफूरनं पाहिलं होतं, खूर घसरला की बैलाची ताकदच त्याला तोंडावर पाडते. तेव्हा पकड हवीच. पण पकड दिली की हा आणखी दाबणार, वळणं आणखी वेगात घेणार. नाही दिली, तर ओल्या रस्त्यावर गाडी सरळ कठड्याकडे... शेजारी सानिया. कसंही केलं तरी शेजारी माझीच पोर.

फुरकान बाहेर फोनवर हसत होता, दुकानाच्या पत्र्याला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून. सानिया आत बाकावर चहा फुंकत बसलेली. लहानपणी मोटरसायकलच्या टाकीवर बसून 'अब्बा, अजून!' म्हणून ओरडणारी ही, एवढी गप्प कशी झाली?

"सानू, खरं सांग. गाडी लई पळवतो का गं हा?"

"न्हाई अब्बा." लगेच म्हणाली, आणि मान खाली घातली.

नवऱ्याला झाकतेय, बिचारी.

गाडी जॅकपाशी घ्यावी म्हणून तो आत बसायला गेला आणि गुडघा स्टिअरिंगवर आपटला. सीट पार पुढे ओढलेली. आरशात मागची काच दिसायला हवी, तर दिसत होतं मागचं सीट. दोघं आली तेव्हा गफूर दुकानात होता. बाहेर येईतो दोघंही उतरली होती... फुरकानला या जागेत बसवायचं तर घडी घालावी लागली असती.

सानिया खिडकीशी आली. "अब्बा, चांगलेच घाला. घाटात पुढची चाकं लई सुटत्यात."

सांगताना तिचे डोळे चमकले — टाकीवरचेच ते डोळे.

जावयावर संशय होता तोवर बरं चाललं होतं. निदान मनात शिव्या तरी घालता येत होत्या. आता कोणाला घालू? सीट मागे घेण्याचा खटका हाताशीच होता. गफूरनं तो ओढला नाही. गुडघे पोटाशी घेऊन तो तिच्या जागेवर तसाच बसून राहिला.