ओ. हाव्हरानेक

तळघराच्या जिन्यावर ओल्गाचा पाय थबकला. खालून हसण्याचा आवाज येत होता. या रविवारी मंडळाची बैठक नाही, असं मंडळ चालवणाऱ्या मिल्टननेच तिला सांगितलं होतं. ती अंकाची तपासलेली पानं तेवढी ठेवून जाणार होती.

क्लीव्हलंडमधल्या त्या विज्ञानकथा मंडळाचे सभासद पाच. चार मुलगे आणि हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी ओल्गा. चार वर्षं मंडळाचा अंक तिनेच टंकला, छापला, टाचला. बाहेरगावच्या मंडळांना पत्रंही तीच लिहायची, सही ‘ओ. हाव्हरानेक’ एवढीच. ‘‘पूर्ण नाव नको घालूस,’’ मिल्टन म्हणाला होता, ‘‘बाईचं पत्र म्हटलं की लोक वाचत नाहीत.’’ तिला ते पटलं होतं. उत्तरं मिल्टनच्या पत्त्यावर येत.

ती आणखी दोन पायऱ्या उतरली. एक अनोळखी उंच माणूस तिला पाठमोरा बसला होता. कुणीतरी त्याला ‘टिल्डन’ म्हणून हाक मारली. म्हणजे हा फिलाडेल्फियाचा रॉस्को टिल्डन. दोन वर्षं ती ज्याच्याशी पत्रांतून वाद घालत होती, तोच.

‘‘हाव्हरानेक, गड्या, तुझं ते पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं,’’ तो मिल्टनला म्हणत होता. ‘‘अंतराळयानात माणूस रडला तर अश्रू गालावर ओघळणारच नाहीत! हे सुचलं कसं तुला?’’

मिल्टन कानाची पाळी चोळत म्हणाला, ‘‘असंच... लिहिता लिहिता.’’

‘‘पण का नाही ओघळणार?’’

मिल्टनचा हात पुन्हा कानाकडे गेला.

‘‘वजनच नसेल तर खाली जातील कसे?’’ ओल्गा म्हणाली. ‘‘डोळ्यापाशीच साचून राहतील.’’

सगळे वळले. मिल्टनचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘ही ओल्गा. आमचं टायपिंग करते,’’ तो घाईघाईने म्हणाला.

‘‘हाव्हरानेक मी आहे,’’ ती म्हणाली.

रॉस्को हसला, थट्टाच वाटली त्याला. ओल्गाने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. सॉल बुटाची नाडी बांधू लागला. दुसऱ्याने अंक उघडून तोंडासमोर धरला. तिसरा नुसताच बसला होता. एकानेही ‘हो’ म्हटलं नाही.

तिने पानं टेबलावर ठेवली. मग कोपऱ्यातला टाइपरायटर उचलला. तो तिच्या पगारातून घेतलेला होता.

‘‘अगं, अंक अर्धा राहिलाय!’’ मिल्टन ओरडला.

‘‘तूच लिहितोस ना? मग हातानेच लिही.’’

रॉस्कोचं हसू मावळलं. त्याने एकदा मिल्टनकडे पाहिलं, मग उठून हात पुढे केला. ‘‘जड आहे. मी घेतो.’’

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘सवय आहे.’’

ट्राममध्ये ते धूड मांडीवर घेऊन ती बसली. तिकीटवाल्याने विचारलं, ‘‘काय पोरी, विकायला काढलास?’’

‘‘नाही हो,’’ ओल्गा म्हणाली, ‘‘घरी नेतेय.’’

शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला बसायला जागा व्हावी म्हणून तिने तो आणखी जवळ ओढून घेतला.