वरसे ते पेण, दोघींची स्कूटर

मी एक जुनी स्कूटर आहे मित्रांनो, एकच आरसा उरलेली. वरसे गावच्या हैबतरावांनी मला कंपनीच्या पाळ्यांना दहा वर्षं पळवलं. त्यांची मुलगी निशिगंधा पेणच्या एका दवाखान्यात नर्स झाली, तेव्हा चावी तिच्या हाती आली. तिच्याच वॉर्डातली, शेजारच्या आळीतली अपेक्षा मागं बसू लागली.

स्कूटर एक, म्हणून दोघी हट्टानं एकच पाळी मागून घेत. गोम तिथंच होती. अपेक्षाला उजाडलं की हुशारी येते, रात्री दहानंतर मात्र तिची मान पडते. निशिगंधाचं नेमकं उलटं. रात्रपाळीत ती ताजीतवानी. सकाळपाळीच्या आठवड्यात रात्री नऊला अंथरुणावर पडली तरी डोळ्याला डोळा लागत नाही. मग पहाटे उठवेना, की घरचे तिला आळशी म्हणत. मला फार राग यायचा, पण माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्यानं दाबावा लागतो.

एका सकाळी नागोठण्याच्या पुढं अपेक्षा मागून काहीतरी सांगत होती. निशिगंधाचा हुंकार बंद झाला. मुठीवरची पकड सैल पडली आणि मी समोरून येणाऱ्या ट्रककडे सरकू लागले. माझी पाचावर धारण बसली. अपेक्षानं मागून हात घालून हँडल ओढलं. आम्ही कडेच्या खडीत घसरत थांबलो. माझा एक आरसा तिथंच फुटला.

"झोपलीस व्हय गो?"

"नाय. डोळे उघडेच होते. मीच नव्हते तिथं," म्हणत निशिगंधा रडू लागली.

अपेक्षानं मला स्टँडवर लावलं. मग तिनं लपवलेलं सांगून टाकलं. मागच्या रात्रपाळीत ती भलत्याच पेशंटला इंजेक्शन टोचायला निघाली होती. त्यानंच हटकलं, म्हणून वाचला.

"या स्कूटरपायी आपण मरू, नायतर कुणाला तरी मारू," ती म्हणाली. "तुझ्या सकाळी मला दे. माझ्या रात्री तू घे."

मोठ्या सिस्टरांनी अदलाबदलीवर सही केली. आता अपेक्षा पहाटेच्या एसटीनं जाते. माझी मागची सीट रिकामी असते आणि मला करमत नाही.

मित्रांनो, माझे ब्रेक तपासता, तसं आपलं माणूस कधी उमलतं आणि कधी मिटतं, तेही बघत जा. दिवसा झोपलेल्या नर्सच्या दाराशी हॉर्न वाजवू नका.

रात्रपाळी संपवून निशिगंधा दवाखान्याच्या फाटकापाशी येते, तेव्हा अपेक्षा कामावर येत असते. "डोळे कसे हायत गो?" ती विचारते. जड आहेत म्हटलं, की माझी चावी अपेक्षाच्या खिशात जाते आणि निशिगंधा नर्सेसच्या खोलीत झोपायला.