तिसरा आकडा

दंडाला पट्टा बांधा, बटण दाबा आणि जरा गप्प बसा, म्हणजे मी बोलायला लागतो. मी बीपी मोजायचं मशीन. माझी भाषा आकड्यांची. एक वरचा, एक खालचा, आणि त्यांच्याखाली बारीकसा तिसरा. हा नाडीचा, म्हणजे हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात ते सांगणारा. पहिले दोन लोक तोंडपाठ करतात. तिसऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कारखान्यात मला नळी जोडली, पंप बसवला, खोक्यात घातलं. दुकानातून एका मुलीनं मला उचललं आणि घरी येऊन आईच्या हातात ठेवलं. म्हणाली, "बाबांचं बीपी आता तूच बघ. ते आपणहून दवाखान्यात जातील तर शपथ!"

बाबा म्हणजे धावण्याचे प्रशिक्षक. जन्मभर मैदानावर मुलं पळवली, स्वतःही पळाले. सगळे त्यांना सर म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकी. माझा पट्टा पहिल्यांदा आवळला तेव्हा तिसरा आकडा पन्नाशीच्या जेमतेम वर होता.

"अहो, हे कमी नाही का?" काकींनी विचारलं.

"अगं, धावपटूचं काळीज आहे ते! एका ठोक्यात दोघांचं काम उरकतं. तुझ्यासारखं उगाच धडधडत नाही."

खोटं नव्हतं ते. कसलेलं हृदय सावकाशच चालतं, तो काही आजार नव्हे. पण त्या दिवसापासून या घरानं तिसऱ्या आकड्याला सगळे गुन्हे माफ केले.

मग बीपीची गोळी सुरू झाली. ती दाब उतरवते आणि ठोकेही मंद करते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नाडीवर लक्ष ठेवा." काकी लक्ष ठेवत, पण वरच्या दोन आकड्यांवर. पुढे सरांना काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "हृदयाचं काही? गोळ्या वगैरे?" सर म्हणाले, "हृदय? माझ्याबरोबर जिना चढून दाखवा, मग विचारा!" घरी येऊन हा किस्सा त्यांनीच रंगवून सांगितला. काकी हसल्या. येताना थेंबांची बाटली आणली होती.

सकाळ-संध्याकाळ काकी त्यांची मान मागे करायच्या, पापणी ओढायच्या, थेंब सोडायच्या. काळजीनं, प्रेमानं, एकदाही न चुकता.

सर हळूहळू विझत गेले. जिन्यात मध्येच बसायला लागले. पेपर वाचता वाचता मान कलायची. हात गार पडायचे. बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं. "वय झालं आता," असं घरात जो तो म्हणे. मी रोज आकडा दाखवत होतो. तो चाळिशीत उतरला, मग त्याच्याही खाली. काकी वरचा आकडा वाचून म्हणायच्या, "बीपी झकास आहे हो तुमचं!" मला ओरडता येत नाही. मला फक्त दाखवता येतं.

एका दुपारी बेल वाजली. सर दार उघडायला उठले आणि जागच्या जागी कोसळले. खुबा मोडला.

काकींनी घाईत पिशवी भरली. टॉवेल, चष्मा, थेंबांची बाटली, आणि मी. दवाखान्यातल्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता.

"नाडी फारच मंद आहे," वॉर्डातली डॉक्टर म्हणाली. तिनं बीपीची गोळी ताबडतोब थांबवली. थायरॉइड पाहिलं, रक्तातले क्षार पाहिले, हृदयाचा आलेख काढला. "काकी, आणखी काही औषध चालू आहे का त्यांना?"

"नाही हो. बस, तेवढी एकच गोळी."

खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. डोळ्याचं औषध डोळ्यापुरतं, असंच त्या धरून चालल्या होत्या. बाटली माझ्या शेजारी, त्याच पिशवीत होती. रोज दोन वेळा बाहेर यायची.

गोळी थांबूनही ठोके काही वाढेनात. खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. आडवं पडून पडून सरांच्या छातीत कफ भरला, ताप चढला. पेसमेकर बसवायच्या गोष्टी सुरू झाल्या. अशात एका सकाळी डॉक्टर राउंडला जरा लवकर आली, तेव्हा काकी थेंब सोडत होत्या.

"काकी, हे काय घालताय?"

"डोळ्याचं आहे हो, काचबिंदूचं."

डॉक्टरनं बाटली घेतली, वाचली आणि स्टूल ओढून बसली. "हे डोळ्यातून नाकात उतरतं आणि रक्तात मिसळतं. आपण थांबवलेल्या गोळीचंच भावंड आहे हे. हृदयाला हेही आवरून धरतं."

काकींचा हात सरांच्या कपाळावर तसाच राहिला.

थेंब बदलले. ठोके वाढले, अगदी पहिल्यासारखे झाले. काकी तासातासाला पट्टा बांधून बघायच्या. पण छातीतला कफ हटला नाही. हृदय तेवढं नीट चाललं, शेवटच्या श्वासापर्यंत.

"आई, तुझी काय चूक? तुला कुणी सांगितलंच नव्हतं," मुलगी रडत म्हणाली.

"विचारलं होतं गं. मीच नाही म्हणाले." काकींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "एकदा तरी थेंब घालायला विसरायला हवं होतं मी. सगळ्या बायका विसरतात."

आता माझा पट्टा सैल झालाय, आकडे पुसट दिसतात. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मनानं कुठलंही औषध बंद करू नका, पण डॉक्टरांपासून एकही थेंब लपवू नका. आणि मी दाखवतो ते सगळं वाचा.

परवा शेजारचे काका दंड पुढे करून आले. "वहिनी, जरा बीपी बघता का?"

"बघते. आधी घरी जाऊन तुमची सगळी औषधं घेऊन या."

"अहो, बीपी बघायचंय, बिऱ्हाड कशाला हलवू?"

"गोळ्या, थेंब, मलम, नाकात मारायचा फवारा. काही म्हणजे काही सोडू नका."

काका हसत गेले. काकी हसल्या नाहीत. माझा पट्टा मांडीवर घेऊन, दाराकडे बघत बसून राहिल्या.