कँडी वेल नावाची कोणी नव्हतीच

नॉरिस एंटविसलनं आयुष्यात एकच लबाडी केली, पण ती अठ्ठेचाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरली.

इंग्लंडातल्या ओल्डमला तेव्हा अमेरिकेतून रद्दीच्या भावात जुन्या रेकॉर्डींची खोकी येत. त्यातल्या एका छोट्या तबकडीवर ऑर्लीन टिब्स नावाची बाई अशी काही गायली होती, की नॉरिस स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडला. मग त्यानं डोळे पुसले आणि हॉलमध्ये नाचणाऱ्यांसाठी ‘सोल’ ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी वाजवणारे त्याच्यासारखे सगळे त्या काळी सर्रास करत तेच केलं. लेबलावर कागद डकवला आणि त्यावर मनातलंच नाव लिहिलं, ‘कँडी वेल’. खरं नाव कळलं तर उद्या दुसरा कोणी तीच रेकॉर्ड शोधून आणणार, आणि मग आपल्याकडे नाचायला कोण येणार? यात कुणाला काही गैर वाटत नसे. बाई समुद्रापार, तिला काय पत्ता लागतोय.

तिला पत्ता लागला. भाचीनं फोनवर दाखवलं, ओल्डमच्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसं तिच्या आवाजावर नाचताहेत, आणि खाली नाव ‘कँडी वेल’. एकतीस वर्षं डेट्रॉइटच्या शाळांच्या फरश्या पुसलेल्या त्या बाईचं पत्र आलं, ‘आवाज माझा आहे. ही कँडी कोण?’

नॉरिसला दोन दिवस जेवण गेलं नाही. कपाटातल्या तीन लाडक्या रेकॉर्डी विकून त्यानं तिचं तिकीट काढलं.

“आधी तो कागद काढ,” त्याची बायको मॉरीन म्हणाली. “किटलीच्या वाफेवर धर, सुटेल.”

“लेबल फाटलं तर?”

“लेबलाची बरी काळजी तुला. आणि त्या बाईचं काय?”

नॉरिसनं तबकडी गुपचूप पाकिटात सरकवली. संग्राहकांची ही जातच मेली तसली.

रविवारी दुपारी नाच सुरू व्हायच्या आधी ऑर्लीनबाई हॉलवर आल्या. वय एकोणऐंशी, हातात काठी, डोक्यावर जांभळी टोपी. त्यांच्यासमोर चहा आला. नॉरिस खुर्चीशी गुडघ्यावर बसला.

“कागद मीच लावला होता, बाई.”

“का रे?”

“तुम्ही दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून.”

“नाहीच सापडले,” त्या चहा ढवळत म्हणाल्या. “माझी मलासुद्धा नाही. आज सगळ्यांसमोर माझं नाव घे. बाकी मला काही नको.”

नॉरिस मंचावर गेला. तबकडी फिरायला लागली, सुई टेकली, आणि सवयीनं नजर त्या कागदावर गेली.

“मंडळी, आपली लाडकी कँडी वेल!”

लोक धावत नाचायला आले. चहाच्या टेबलापाशी मॉरीननं कपाळाला हात लावला. ऑर्लीनबाई खाली कपात बघत राहिल्या.

त्या हॉलमध्ये चालू गाणं कधीच थांबलं नव्हतं. एकदा एकाचा पाय मोडला, तेव्हाही नाही. नॉरिसनं सुई उचलली. नाचणारे होते तिथे थबकले.

“कँडी वेल नावाची कोणी नव्हतीच,” तो म्हणाला. “नाव मी लपवलं. गाणारी ऑर्लीन टिब्स. त्या बघा, तिथे बसल्यात. माझं चुकलं.”

“अठ्ठेचाळीस वर्षं बनवलंस की रे आम्हाला, मेल्या,” मागून एक म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही.

ऑर्लीनबाई काठी टेकत मंचावर आल्या. तबकडी उचलली आणि नखानं कागद खरवडायला लागल्या. कागदाबरोबर लेबलाचाही तुकडा निघाला, तसे नॉरिसनं डोळे मिटले. राहिलं एवढंच, ‘टिब्स’.

“दमली असेल पोरगी,” त्या हातातल्या ‘कँडी वेल’च्या कपट्याकडे बघत म्हणाल्या. “किती वर्षं नाचवलंत तिला. बसू दे आता.”

कपटा त्यांनी पर्समध्ये ठेवला, तबकडी पुन्हा यंत्रावर लावली आणि नॉरिसचं मनगट धरलं.

“घे नाव.”

“ऑर्लीन टिब्स.”

“परत.”

“ऑर्लीन टिब्स.”

“परत.”

तिसऱ्यांदा नाव घेताना तो अडखळला नाही. मग बाईंनीच सुई टेकवली.