बर्फाखालचा जवळा

“ज्या साली बर्फ कमी, त्या साली सारं जग उपाशी!” शेणाचा गोळा डोक्याच्या वर धरून कोंडिबाने जाहीर केलं.

श्रोत्यांत एक म्हैस होती आणि एक बायको. म्हशीने शेपूट हलवलं.

“ते शेन खाली आना,” बयाबाई म्हणाली. “मला अंगन सारवायचंय. मार्गासनीची पाव्हनी शिवंवर आली असतील.”

कोंडिबाने गोळा खाली आणला. मुंबईच्या गोदीतून तो आगवाला म्हणून देवमासे मारणाऱ्या आगबोटीवर चढला होता आणि लागोपाठ दोन सालं पार दक्षिणेच्या बर्फाच्या दर्यात कोळसा ओतून आला होता. गुंजवणे गावात दुसऱ्या कुणी बर्फ पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला साक्षीदार मिळत नसे.

शिमग्यानंतर वरव्याचे पाहुणे त्याच्या लेकीला, फुलाला, बघायला आले, तेव्हा त्याने तिकडचे पक्षी सांगितले. काळा कोट, पांढरं पोट, दोन पायांवर चालतात, हुबेहूब कचेरीतले कारकून. पाहुण्यांतला थोरला भाऊ नेमका कारकून निघाला. ते जेवायलाही थांबले नाहीत. बाप भ्रमिष्ट आहे, पोरीत उतरलं असेल, एवढं मात्र वाटेवरच्या चार गावांत सांगत गेले. फुलाला अठरावं लागलं होतं आणि त्यानंतर उंबऱ्याशी येणारं मार्गासनीचं हे पहिलंच स्थळ होतं.

म्हणून बयाबाईने सकाळीच नवऱ्याला बेलभंडारा उचलायला लावला होता. सुपारी फुटेपर्यंत पाहुण्यांपुढे बर्फाचं नाव काढायचं नाही.

सारवून झाल्यावर तिने कोनाड्यातली पत्र्याची लहानशी बोट उचलली, पदराने पुसली आणि होती तिथेच ठेवली. त्या बोटीला कधी पाणी लागलेलं नव्हतं.

पाहुणे दोघंच आले. मुलाचे वडील आनंदराव आणि त्यांची म्हातारी आई साळूबाई. फुला त्यांना पसंत पडली. तांदूळ निवडायला दिले, ते तिने निवडले. चालून दाखव म्हटलं, ती चालली. भिंतीशी ताटात अख्खी सुपारी मांडून ठेवली होती. म्हातारीला भाकरीबरोबर जवळ्याची चटणी आवडते हे बयाबाईने आधीच विचारून ठेवलं होतं, तीच वाढली.

“चटनी फक्कड,” आनंदराव म्हणाले. “पर औंदा बाजारात जवळा दिसंना. घाटाखालचा कोळी म्हनतो, दर्यातच न्हाई.”

कोंडिबाने भाकरी मोडली. मोडलेली पुन्हा मोडली. ताटात चुरा झाला.

“तुमी दर्यावर व्हता म्हनं,” साळूबाई त्याच्याकडे वळल्या. “मग सांगा की. कुठं जातो जवळा?”

स्वैपाकघराच्या दारात बयाबाईच्या बांगड्या वाजल्या. कोंडिबा पाणी प्यायला. वडीलधाऱ्या माणसाने सरळ विचारलं होतं.

“बर्फाच्या बुडाला शेवाळ धरतं, आये,” तो हळूच म्हणाला. “लादी उलटी झाली की दिसतं. त्यावर तिकडचा जवळा जगतो, लालभडक. आन त्या जवळ्यावर देवमासा.”

“केवढा असतो?”

“आपल्या चावडीएवढा.”

“चावडीएवढा मासा, आन खातो जवळा!” आनंदरावांना ठसका लागला. “वरव्याची मंडळी उगं न्हाई पळाली!”

कोंडिबा आता थांबणं शक्य नव्हतं.

“पैल्या साली बर्फ लई. मासा चिरला की पोटात नुसता लाल चिखल. दुसऱ्या साली बर्फ धरलाच न्हाई. मासं वाळल्यालं, पोटं रिकामी. तिकडच्या पाखरांचं बी तसंच.”

“आन पिल्लं?” साळूबाईंनी विचारलं.

“आई-बा पाळीपाळीनं चाऱ्याला जायाची. बर्फ लांब, म्हून जवळा लांब. जवळा लांब, म्हून बा लांब. पोट भरून माघारी आला, तवर पिल्लू…”

घास हातातच राहिला. त्याची नजर कोनाड्याकडे गेली.

त्याच दुसऱ्या सालातली गोष्ट. गोदीवरून ती बोट विकत घेऊन तो गावात शिरला, तेव्हा त्याच्या दोन वर्षांच्या पोराला, ज्ञानूला, जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून त्याची ही हकिगत पिल्लांपाशी आली, की बयाबाई भांडी आदळून ती तोडायची. गावाला वाटे, नवऱ्याच्या थापांची तिला लाज वाटते.

“मग? फुडं काय झालं?” आनंदराव हसतच होते.

आतून भांडं वाजलं नाही. बयाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

“त्या बाचा काय दोस न्हाई,” ती म्हणाली. “जवळाच लांब गेलता.”

कोंडिबाने मान वर केली नाही. हातातल्या घासातून चटणी ताटात गळत राहिली.

आनंदराव आईकडे वाकून म्हणाले, “आये, ह्यातलं खरं किती धरायचं? अजून सुपारी फुटली न्हाई. उठायचं का?”

साळूबाईंनी एकदा कोनाड्याकडे पाहिलं, एकदा कोंडिबाकडे.

“थापाड्या असा मधीच थांबत न्हाई,” त्या म्हणाल्या. त्यांनी भिंतीशी ठेवलेलं ताट पुढे ओढलं आणि सुपारी उचलून पदराला पुसली. “फुले, अडकित्ता आन, पोरी. आन माझ्या वाटची जरा बारीक कातर. दात न्हाईत मला.”